डाव्या गालातली कळ

मी कुणाला माफ केलं म्हणून हे लिहीत नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "लिहून काढा. तुमच्यासारख्या बायका अजून गावोगावी धडधाकट दात उपटून घेतायत, त्यांना उपयोग होईल." म्हणून लिहिते. पण खरं सांगू का, लिहायला बसले की त्या बायका माझ्या डोळ्यांसमोर येत नाहीत. समोर येतो एक दातांचा डॉक्टर आणि माझी मोठी जाऊ. दोघांवरचा राग अजून ताजा आहे, तो लपवणार नाही. आणि एका जागी चूक माझी आहे. चूक हा शब्दही कमी पडेल. तेही लिहिणार आहे.

माझं नाव मंदा. काशीद आणि मुरूडच्या मधल्या एका कोळीवाड्यात अंगणवाडी सेविका आहे. नवरा जगदीश, त्याची स्वतःची छोटी होडी आहे. मुलगी प्राची त्या वर्षी अकरावीला होती.

पहिली सकाळ

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. मोरीत तोंड धूत होते. गार पाण्याचा हात डाव्या गालावरून फिरला आणि मी खाली बसले. बसले म्हणजे पायच गेले. नाकाच्या बाजूपासून कानापर्यंत काहीतरी आरपार गेलं. सात-आठ सेकंद, जास्त नाही. मग सगळं थांबलं. मोरीत तांब्या लवंडलेला, पाणी वाहतंय आणि मी गाल धरून बसलेली. दुखत मात्र काहीच नव्हतं.

जगदीश धावत आला. "काय झाला?"

"दाढ," मी म्हटलं.

तो एक शब्द मला पुढे दहा महिने नडला. पण दुसरं काय म्हणणार होते? गालाच्या आत दुखलं की माणूस दाढच म्हणतो. माझ्या आईने मला तेवढाच शब्द दिला होता.

आठवड्याभरात कळ दिवसातून वीस-पंचवीस वेळा यायला लागली. दात घासताना, घास चावताना, समुद्रावरून वारा आला की. मग बोलतानाही. प, ब, म ही अक्षरं सगळ्यात वाईट, कारण ओठ मिटावे लागतात. कुणी नाव विचारलं तर 'मंदा' म्हणताना कळ यायची. काय होतंय ते कुणाला समजावून सांगायला तोंड उघडलं की तेच व्हायचं. सांगणं आणि दुखणं एकाच जागेतून निघत होतं. त्यामुळे मी कमी सांगायला लागले, आणि कमी सांगते म्हणून लोकांना दुखणंही कमी वाटायला लागलं.

तीन दाढा

तालुक्याच्या गावातला तो दातांचा डॉक्टर तसा नावाजलेला. बाहेर बाकावर कायम पाच-सहा माणसं. त्याने विचारलं, "कुठे दुखतं?" मी बोट ठेवलं. त्याने फोटो काढला, थोडी कीड आहे म्हणाला, आणि वरची दाढ काढली. भूल दिली होती तेवढा वेळ कळ आली नाही. मला वाटलं, सुटले. घरी येताना एसटीत मी खिडकीशी बसले होते, भूल उतरली आणि वारा लागला.

तीन आठवड्यांनी दुसरी काढली. त्यानंतर महिन्याने तिसरी.

तिसऱ्या वेळी मी आधीच ठरवून गेले होते की या माणसाला नीट सांगायचं. घरी मनात वाक्यं जुळवली होती.

"ठणकतं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"सतत दुखतं?"

"नाही. येतं आणि जातं."

"मग कसं दुखतं? सांगा ना."

मी विचार केला. ठणका माहीत होता, प्रसूतीच्या कळा माहीत होत्या, विंचू चावलेलाही माहीत होता. यातलं काहीच नव्हतं. "करंट लागल्यासारखं," मी म्हटलं.

तो हसला. हाताखालच्या मुलीला म्हणाला, "ऐकलंस का, यांच्या दाताला करंट लागतो." मग मला म्हणाला, "एक ते दहामध्ये सांगा. दहा म्हणजे सगळ्यात जास्त."

"दहा."

"दहा असतं तर तुम्ही अशा खुर्चीत बसला नसता, बाई. जमिनीवर लोळला असता. घरात काही टेन्शन आहे का?"

त्या क्षणी कळ नव्हती म्हणून मी खुर्चीत बसले होते. दोन कळांच्या मधल्या वेळात माणूस अगदी चांगलं दिसतं, तिथेच सगळा घोटाळा होतो. मी हे त्याला सांगायला तोंड उघडलं, 'मधल्या' म्हणताना कळ आली, तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. तो म्हणाला, "रडू नका, काढून टाकू." आणि तिसरी दाढ काढली.

त्याच्या खुर्चीवरचा दिवा, त्याच्या हातमोज्यांचा वास, भिंतीवरचं हसऱ्या दातांचं चित्र, सगळं मला आजही डोळे मिटून दिसतं. आजही त्याचा राग आला की मी जिभेने त्या तीन रिकाम्या जागा चाचपते.

हळद

माझी मोठी जाऊ यमुना. आमच्या आवारातच तिचं घर, मध्ये फक्त एक चिंच. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनेच मला सगळं शिकवलं, म्हणून तिचा राग जास्त. परक्या बाईने केलं असतं तर विसरले असते.

सुरुवातीपासून तिचं एकच म्हणणं. "नाटका हायत समदी. अंगणवाडीत जावाचा नको, कामा करावाची नको. जेवताना बरा गाल दुखता, आणि मोबाईल बघताना दुखत नाय."

मोबाईल बघताना खरंच दुखत नव्हतं. तोंड हलत नव्हतं ना.

वैशाखात तिच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. हळदीला सगळा वाडा जमला होता, बेंजो वाजत होता. मी कोपऱ्यात पदराने गाल झाकून बसले होते. कुणीतरी पुढ्यात जेवणाचं ताट ठेवलं. पहिल्याच घासाला कळ आली. मी गाल धरला, मान वाकडी झाली, घास बाहेर पडला.

थोड्या वेळाने वाजंत्री थांबली तेव्हा बायकांच्या घोळक्यातून हसण्याचा आवाज आला. यमुना वैनी मध्ये उभी होती. तिने गाल धरला, मान वाकडी केली, एक डोळा मिटला, जीभ बाहेर काढली आणि तोंडातलं केळं पदरात पाडलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. एकीने फोनवर ते काढलं. दुसऱ्या दिवशी ते वाड्याच्या ग्रुपवर फिरत होतं. प्राचीने ते माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला, पण माझ्याही फोनवर आलंच होतं.

मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. नक्कल अगदी बरोबर होती. म्हणजे तिने माझ्याकडे नीट पाहिलं होतं, बारकाईने पाहिलं होतं, आणि तरी तिला दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या बाईला मी सोडणार नाही. कसं ते माहीत नव्हतं.

हातवारे

पावसाळा सुरू झाला तोपर्यंत मला मुलांपुढे गाणी म्हणणं जमेनासं झालं होतं. गाणी मदतनीस म्हणायची. मी हातांनी सांगायला लागले. बसा, उठा, हात धुवा, रांगेत या, खाऊ खा. पोरांना मजा वाटायची, पण ती गोंधळायची, एकमेकांकडे बघायची.

एक पोर मात्र गोंधळायची नाही. यमुनेची नात ओवी, थोरल्या मुलाची मुलगी, अडीच वर्षांची. तिची आई काशीदला पर्यटकांच्या कॉटेजमध्ये कामाला जायची, त्यामुळे ओवी आजीकडेच असायची. अजून बोलत नव्हती. यमुना सगळ्यांना सांगायची, "हट्टी हाय. किती हाका मारा, ओ देत नाय. बापाव गेलीय." माझ्या अंगणवाडीतही ती कुणाचं ऐकायची नाही, असंच आम्ही म्हणत होतो. पण मी हात वर केला की सगळ्यांत आधी ओवी उठायची. बोटं तोंडाशी नेली की सगळ्यांत आधी तिचं ताट पुढे.

आषाढातली गोष्ट. एकदा मदतनीसच्या हातून स्टीलचं मोठं ताट फरशीवर पडलं. सगळी पोरं दचकली, एक रडायला लागलं. ओवी पाठमोरी बसून चित्राच्या पुस्तकाचं पान उलटत होती. तिने मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या मागे जाऊन ताटावर पळी मारली. एकदा, दोनदा, जोरात. नाही. मग पुढे जाऊन नुसता हात हलवला, तर हसली.

मला कळलं. यात शंका नव्हती. सोळा वर्षं मी न बोलणारी बाळं ओळखत आलेय, कुणाला भूक लागली, कुणाचं पोट दुखतं, कुणाला ताप येणार आहे. आयांना मीच सांगत असते. हे तर त्यापेक्षा सोपं होतं.

घरी जाताना यमुना दारात उभी होती. ओवीला बखोटीला धरून ओरडत होती, "भयरी हायस काय गो? भयरी हायस?"

मी तिथे थांबले. मला फक्त 'होय' म्हणायचं होतं. 'होय' म्हणताना ओठ मिटावे लागत नाहीत. कळही आली नसती.

मी काही न बोलता घरात गेले. आत जाऊन मला काय वाटलं ते सांगते, कारण हे लिहिताना खोटं बोलले तर सगळंच खोटं. मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. ती ज्याला नाटक म्हणते, हट्ट म्हणते, तेच तिच्या घरात आहे आणि तिला कळत नाही, हे मला माहीत होतं. असू दे तसंच, मी म्हटलं. तिलाही कुणी सांगू नये.

श्रावणात लहान मुलांच्या तपासणीचं पथक आलं. ओवी नेमकी तिच्या आईच्या माहेरी गेली होती. पथकातल्या डॉक्टरांनी यादी बघून विचारलं, "गैरहजर मुलांपैकी कुणाला काही त्रास? दिसणं, ऐकणं, बोलणं?"

मी मान हलवली. नाही.

धक्का

गणपती गेले त्या आठवड्यात मी एका दुपारी धक्क्याच्या टोकाला जाऊन बसले. पाच दिवस धड जेवले नव्हते. मला मरायचं नव्हतं, पण हा गाल बरोबर घेऊन जगायचंही नव्हतं, आणि गाल काही वेगळा करता येत नव्हता. खाली ओहोटीचा चिखल दिसत होता.

जगदीश हातातलं जाळं तसंच टाकून आला. काय झालं, किती दुखतं, काहीच विचारलं नाही. दहा महिने तो हेच विचारत आला होता आणि मी धड उत्तर देऊ शकले नव्हते, म्हणून चिडलाही होता. त्या दिवशी तो माझ्या डाव्या बाजूला बसला, वाऱ्याच्या अंगाला. मला वारा लागेना. अर्ध्या तासाने म्हणाला, "उद्या मुंबईला जावाचा. होडी राहू दे."

त्याने त्या दिवशी प्रश्न विचारला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कुणाच्या घरी असं माणूस असेल तर एवढंच सांगते, प्रत्येक वेळी विचारू नका. वारा येतो त्या बाजूला बसा.

कापसाचा बोळा

रेवसहून लाँचने गेलो. सगळा वेळ मी डोक्यावरून टॉवेल घेऊन जगदीशच्या पाठीआड. भाऊच्या धक्क्यावरून टॅक्सीने मोठ्या सरकारी दवाखान्यात. दोन दिवस रांगा लावल्यावर मेंदूच्या विभागातल्या डॉक्टरबाईंसमोर पोचलो. वयाने माझ्याहून लहान. मी घाईने म्हटलं, "दाढ नाही, तीन काढल्यात—"

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "बोललं की होतं ना?"

मी होकाराची मान हलवली. त्यांनी कापसाचा लहानसा बोळा घेतला आणि माझ्या नाकपुडीच्या बाजूला अगदी हळू टेकवला. कळ आली. मी टेबलाची कड धरली. त्या घड्याळाकडे बघत होत्या. कळ गेल्यावर त्यांनी जगदीशला सांगितलं, "दातांचा काही संबंध नाही. चेहऱ्याची नस आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. माणसाला होणाऱ्या सगळ्यात वाईट वेदनांपैकी एक आहे."

जगदीश रडायला लागला. मी नाही. मला हसू येत होतं, पण हसलं की दुखायचं.

गोळ्या सुरू झाल्या, कळा निम्म्यावर आल्या. चक्कर यायची, चालताना तोल जायचा, पण भात खाता येत होता.

आणि गावात काय झालं ते ऐका. त्या आजाराचं नाव वाड्यात एकालाही धड उच्चारता येत नव्हतं. 'टायजमन' म्हणायचे, 'नुरालजी' म्हणायचे. पण नाव आलं आणि सगळ्यांचा विश्वास बसला. ज्या बायका हळदीत हसल्या त्या भेटायला आल्या, काळजीने मान हलवून गेल्या. दहा महिने मी माझ्या तोंडाने, माझ्या भाषेत सांगत होते ते कुणाला पटलं नाही, आणि कुणालाच न कळणारे दोन शब्द कागदावर आले तेव्हा सगळ्यांना सगळं कळलं. मला याचा जो संताप आला तो आजाराचाही आला नव्हता.

यमुनाही आली. शिरा घेऊन आली, मऊ केलेला. "मना काय म्हाईत गो," म्हणाली. मी शिरा खाल्ला आणि तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या कडेवर ओवी होती.

त्याच्या दवाखान्यात

दातांच्या डॉक्टरकडे मी मुद्दाम सकाळी गेले, बाकावर गर्दी असते त्या वेळेला. त्या दिवशी सकाळची गोळी घेतली नव्हती. मला कळ लोकांना दाखवायची होती.

आत गेले नाही. बाकासमोर उभी राहिले आणि बोलायला लागले. माझं नाव मंदा, या माणसाने माझे तीन चांगले दात काढले, दात दुखतच नव्हते. दर दोन वाक्यांना कळ येत होती. मी थांबायची, भिंत धरायची, चेहरा जसा होईल तसा होऊ द्यायची, आणि पुन्हा बोलायची. लोक उठून उभे राहिले. एका म्हातारबाबांनी पाण्याची बाटली पुढे केली. आपल्या मुलीला घेऊन आलेली एक बाई मुलीचा हात धरून निघून गेली. मग आणखी दोघे.

डॉक्टर बाहेर आला. मी मुंबईचे कागद त्याच्या समोर धरले. त्याने वाचले. त्याचा चेहरा उतरला, ते मी पोटभर बघून घेतलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, दाढ दुखते असं तुम्हीच म्हणालात. बोट तुम्हीच ठेवलंत."

ते खरं होतं. केसपेपरवरही तेच होतं, माझाच शब्द, त्याच्या अक्षरात.

"मला दुसरा शब्द माहीत नव्हता," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत असायला हवा होता. तुम्ही शिकलात ना."

तिथून निघाले. मी एसटी स्टँडवर येऊन बाकड्यावर आडवी झाले, तासभर उठता आलं नाही. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन.

वॉर्ड

माघापर्यंत गोळ्या पुरेनाशा झाल्या. ऑपरेशन ठरलं. कानामागे छेद देऊन आत नसेवर दाबणारी रक्तवाहिनी बाजूला करायची. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहू देत नाहीत. प्राचीची बारावीची परीक्षा. माझी बहीण तिच्या मुलीचं बाळंतपण सांभाळत होती. जगदीशने मला न विचारता यमुनेला सांगितलं, आणि ती पिशवी भरून आली. ओवीला घरी कोण बघणार, म्हणून तिलाही घेऊन आली. मुलीला डोंगरीला आपल्या भावाकडे ठेवायची आणि दिवसभर माझ्याजवळ असायची.

आठ दिवस ऑपरेशनची तारीख पुढे जात राहिली. सकाळी सहाला बेड झाडायचे, सातला चहा, नऊला डॉक्टरांचा घोळका, दुपारी वॉर्डाची दारं बंद. गोळ्यांनी माझा तोल जात होता, म्हणून यमुना मला न्हाणीत धरून न्यायची, अंग पुसायची, पाव दुधात कुस्करून भरवायची. शेजारच्या बेडवरच्या म्हातारीला म्हणायची, "धाकटी जाव हाय माझी. लय सोसलाय तिना." माझ्या दुखण्याची नक्कल करणारा तोच हात माझं तोंड पुसत होता. मला तिची सेवा नको होती. राग कमी झालेला नव्हता, आणि आता तो काढायची सोयही राहिली नव्हती.

अखेर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई सही घ्यायला आल्या. त्यांनी सगळं समजावलं. मग म्हणाल्या, "एक धोका आहे. कानाची नस जवळच असते. त्या बाजूने ऐकू येणं कमी होऊ शकतं, क्वचित पूर्ण जाऊ शकतं."

मी सही केली. त्या गेल्या. यमुना माझा कंगवा शोधत म्हणाली, "जाईना का एक कान. माझी बडबड तरी कमी आयकाया लागेल."

"वैनी," मी म्हटलं, "ओवीला ऐकू येत नाही."

ती हसली. "हट्टी हाय."

"नाही. ऐकूच येत नाही. मी ताट वाजवून बघितलंय. तुम्ही भयरी भयरी म्हणून ओरडता ना, ती खरंच आहे."

तिचा हात थांबला. "कवा बघितलास?"

"आषाढात."

ती बोटांवर महिने मोजायला लागली. मोजताना ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग तिने विचारलं, "कनाला नाय सांगितलास?"

मला कळेवर ढकलता आलं असतं. बोलवत नव्हतं, असं म्हणता आलं असतं, तिने मानलंही असतं. "हळदीचं मनात होतं," मी म्हटलं.

ती उठली आणि वॉर्डाच्या बाहेर गेली. पिशवी तिथेच होती. मला वाटलं, ही आता येत नाही. यावी असंही वाटत नव्हतं. म्हातारी विचारत होती, काय झालं, काय झालं.

तासाभराने ती आली. डोळे लाल होते. माझ्या मागे बसली, कंगवा घेतला आणि वेणी घालायला लागली. कानामागचे केस नर्स काढणार होती, उरलेले घट्ट बांधून ठेवायला सांगितलं होतं. तिने केस इतके खेचले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हूं की चूं केलं नाही. शेवटची गाठ मारून ती माझ्या कानाशी म्हणाली, "मरू नको. मना तुझ्याशी बोलाचा हाय."

भूल चढेपर्यंत तेच वाक्य माझ्या डोक्यात होतं. मला देव आठवला नाही, प्राचीही आठवली नाही. ही बाई बाहेर वाट बघतेय, एवढंच आठवलं.

नंतर

अतिदक्षता विभागात शुद्धीवर आले तेव्हा पाठीमागे डोकं फुटल्यासारखं दुखत होतं. पण ते साधं दुखणं होतं, सगळ्यांना समजेल असं. नर्सने ओल्या कापसाने गाल पुसला. मी अंग चोरलं. काही झालं नाही. तिने पुन्हा पुसला. मी तिला म्हटलं, "मंदा." ती म्हणाली, "माहीतय तुमचं नाव." मी पुन्हा म्हटलं. मंदा, मंदा. कानही शाबूत होता.

मी आत असताना यमुना त्याच दवाखान्याच्या कान-नाक-घशाच्या विभागात ओवीला कडेवर घेऊन उभी होती. दोन दिवस तपासण्या चालल्या. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. तिथल्या बाईंनी तिला विचारलं, "इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही? यात प्रत्येक महिना महत्त्वाचा असतो." यमुनेने काय उत्तर दिलं ते मला जगदीशकडून कळलं. ती म्हणाली होती, "आमच्यातला कोण शिकलेला नाय." माझं नाव घेतलं नव्हतं.

या आजारातून जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहिते. गालात कळ येऊन लगेच जात असेल, गार पाण्याने, वाऱ्याने, बोलण्याने येत असेल, तर दात काढू देऊ नका, आधी मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. आणि सांगता येत नसेल तर सांगायच्या मागे लागू नका. कळ येताना कुणाला तरी फोनवर काढायला सांगा आणि ते दाखवा. माझी नक्कल फोनवर आहे, माझी खरी कळ कुणीच काढून ठेवली नाही.

ओवीच्या दोन्ही कानांत आता मशीन आहे. आठवड्यातून एकदा तिची आई तिला अलिबागला बोलायच्या शिक्षणासाठी नेते. ती काही आवाज काढते, काही शब्द आम्हाला कळतात. तिच्या वयाची बाकीची पोरं गाणी म्हणतात. मधले ते महिने कुणीही भरून देणार नाही, मीसुद्धा नाही. रोज अंगणवाडीत मी तिच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं, एकेक शब्द शंभर वेळा म्हणते. प, ब, म. आता मला दुखत नाही.

हळदीबद्दल मी यमुनेला अजून माफ केलेलं नाही. तिनेही मला केलेलं नाही. रोज सकाळी दहाला ती ओवीला घेऊन येते, दारात उभी राहून माझ्याकडे बघते आणि काही न बोलता जाते. गावात इतरांशी ती नेहमीसारखी बोलते. माझ्याबद्दल तिने आजवर कुणालाही एक अक्षर सांगितलेलं नाही, सुनेलाही नाही. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, वाड्यात मला तोंड दाखवता आलं नसतं. मी रोज त्याची वाट बघते आणि ते होत नाही.

मागच्या आठवड्यात मला राहवलं नाही. ओवी आत पळाली होती, दारात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "वैनी, दवाखान्यात म्हणाला होतात, माझ्याशी बोलायचंय. दोन वर्षं होत आली. काय ते एकदा बोलून टाका. शिव्या द्या, मारा."

 ती पदर खोचत म्हणाली, "बोलला का संपला. मना संपवाचा नाय."

आणि ती घरी गेली.